सुनावणीला बसने आलेले

आमच्या सोसायटीत बस हा विषय सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्यावर कोणीही कितीही वेळ बोलू शकतो, कारण बसने कोणी जात नाही. अपवाद माझ्या सासूबाई.

कर्वेनगरला आमच्या फाटकासमोरच बसथांबा आहे. सासूबाई रोज सकाळी तिथून बस पकडून नारायण पेठेत थोरल्या बहिणीकडे जातात. त्या मावशींची दृष्टी गेली आहे आणि मुलगा-सून दिवसभर नोकरीवर असतात. सासूबाई त्यांना पेपर वाचून दाखवतात. अग्रलेख गाळतात, निधनवार्ता गाळत नाहीत. मग दोघी जेवतात, थोडं भांडतात आणि संध्याकाळच्या आत सासूबाई घरी परततात. रिक्षावाले पेठेचं नाव ऐकताच मान फिरवतात. आम्ही गाडीने सोडू म्हटलं, तर त्यांना ते चालत नाही. "मी पार्सल आहे का?" असं विचारतात.

तर हा थांबा हलवायचा, असा अर्ज आमच्या सोसायटीच्या कमिटीने केला. फाटकातून गाड्या बाहेर काढताना बस आडवी येते, हे कारण. अध्यक्षांनी जिन्यात भेटल्यावर दुसरंही सांगितलं.

"आणि काकू, थांब्यावर बाहेरची माणसं येऊन उभी राहतात."

"थांब्यावर घरातली माणसं कशाला उभी राहतील?" सासूबाई म्हणाल्या.

बससेवेच्या अधिकाऱ्यांनी एरवी आमचा एकही अर्ज वाचल्याचा अनुभव नाही. हा मात्र वाचला. थांबा मोठ्या चौकाच्या पलीकडे, उड्डाणपुलाचा उतार संपतो तिथे न्यायचा प्रस्ताव निघाला, आणि हरकती ऐकण्यासाठी जाहीर सुनावणी लागली.

मी सासूबाईंना घेऊन ती नवी जागा पाहून आले. पुलावरून उतरणाऱ्या गाड्यांना तिथे थांबायचं कारण नसतं, म्हणून त्या थांबत नाहीत. सिग्नल नाही, पट्टे पुसलेले, दुभाजक गुडघ्याएवढा. आम्ही कडेला बराच वेळ उभ्या राहिलो. पलीकडे गेलोच नाही.

"इथे थांबा आला तर ताईकडे जाणं संपलं," त्या म्हणाल्या. सूर तक्रारीचा नव्हता. भाजी संपली म्हणावं तसं म्हणाल्या, आणि म्हणून मला ते जास्त लागलं.

सुनावणीची तयारी मी केली. ओळखपत्र, हरकतीच्या दोन प्रती, पाणी, त्यांची दुपारची गोळी. नवरा गाडीने सोडायला तयार होता. "बसबद्दल बोलायला मोटारीतून जायचं होय?" म्हणत सासूबाईंनी त्याला गप्प केलं. आम्ही बसने गेलो.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. शाळेसमोरचा रस्ता दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरून गेला होता. 'नो पार्किंग'च्या पाटीखाली सर्वांत प्रशस्त जागा होती. तिथे आमच्या अध्यक्षांची गाडी उभी होती.

आत बससेवेचे एक अधिकारी शांतपणे बसले होते. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. पहिल्या गृहस्थांनी ती ध्वनिक्षेपक नीट लावलेला नाही हे सांगण्यात घालवली. दुसऱ्यांकडे एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर रोपवेचे पाळणे सोडण्याची योजना होती, नकाशासकट. आयटीतला एक तरुण म्हणाला, "सर, आधी रूटचा डेटा पब्लिक करा, मग आपण डिस्कस करू." एका निवृत्त गृहस्थांनी थेट विचारलं, "आपण स्वतः बसने आलात का?"

"आपण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझा प्रश्न आधीचा आहे."

मग आमचे अध्यक्ष उठले. लोकांना सार्वजनिक वाहतुकीची सवय कशी लावली पाहिजे, यावर ते खरोखर चांगलं बोलले. मी मान डोलावणार होते, तेवढ्यात ते थांब्याकडे वळले. थांबा जवळ हवा, पण फाटकासमोर नको. दिसायला हवा, पण आमच्या खिडकीतून नको.

त्यांचं वाक्य चालू असतानाच शाळेचा वॉचमन दारात आला. "टोइंगवाले आलेत. गाड्या उचलायला लागलेत."

सभागृह ज्या वेगाने रिकामं झालं, त्या वेगाने पुण्यात दुसरं काही हलताना मी पाहिलेलं नाही. पाळणेवाले नकाशा खुर्चीवरच टाकून पळाले. "माझं म्हणणं अपूर्ण आहे, अशी नोंद घ्या," असं अध्यक्षांनी दारातून सांगितलं. टिपणं काढणारा लिपिकही पेन ठेवून धावला. त्याची स्कूटर बाहेरच होती.

बसने आलेले तेवढे बसून राहिले. सासूबाई, मी, वारज्याहून आमच्या भागातल्या दवाखान्यात कामाला येणारी एक नर्स, आणि विदर्भातून शिकायला आलेल्या, आमच्या मागच्या गल्लीत वसतिगृहात राहणाऱ्या दोन मुली.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "वेळ संपेपर्यंत सुनावणी थांबवता येत नाही. पुढचं कोण?"

सासूबाई उठल्या. "नव्या जागी मला रस्ता ओलांडता येत नाही. थांबा हलला तर मी माझ्या घरी बसेन आणि माझी आंधळी बहीण तिच्या घरी. झालं."

"आजी, आपल्याला अजून वेळ आहे."

"तो या मुलींना द्या."

मुलींपैकी एक म्हणाली, "सर, तिकडे पुलाखाली अंधार राहते. क्लासवरून येताना आम्ही कशा उतरू तिथं?" नर्सने दुपारपाळी रात्री सुटल्यावरची तीच अडचण सांगितली.

लिपिक नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतः लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: थांबा आहे तिथेच ठेवावा, अशी उपस्थित नागरिकांची एकमताने मागणी. आम्ही सर्वांनी सह्या केल्या. लिपिक परतला तो पायी.

काही आठवड्यांनी निर्णयाचं पत्र सोसायटीत आलं. थांबा जागेवर राहणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष पत्र घेऊन आमच्या दारात उभे.

"काकू, हे लोकशाहीला धरून नाही. बहुमत आमच्या बाजूने होतं."

"होतं की. रस्त्यावर गेलं होतं."

"अहो, गाडी उचलत होते माझी."

"म्हणून तर म्हणते, पुढच्या वेळी बसने या. थांबा दारातच आहे."

अध्यक्षांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. सासूबाईंना चपला घालायच्या होत्या. बसची वेळ झाली होती, आणि ती चुकली असती तर मावशी जेवायच्या थांबल्या असत्या.