कावळा शिवेपर्यंत

पोरी, लांब असलीस तरी जवळ बसल्यासारखी ऐक. परवा फोनवर म्हणालीस, आत्या, इथं म्हाताऱ्यांच्या गाद्या ओल्याच असतात, पण मी नवीन, मी कशाला बोलू? नर्स झालीस आणि असं बोलतीस व्हय गं? रागावत नाही. पण ऐक.

"सिस्टर, तुम्ही जरा फाटकाबाहेर थांबा. कावळा शिवेना झालाय."

भरल्या पंगतीत मला हे सांगितलं होतं. आमच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकानं.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात शाहूपुरीच्या पलीकडं तो आश्रम. मी नुकतीच लागले होते. आमच्या मलकापूरकडच्या बौद्धवाड्यातली नर्सिंग शिकलेली मी पहिलीच. पांढरी साडी नेसून निघाले की आई दारात उभी राहून बघायची.

पितृपंधरवडा चालू होता. रोज कुणी ना कुणी आपल्या वाडवडलांचा म्हाळ, म्हणजे श्राद्धाचं जेवण, आश्रमात घालायचं. पुण्य मिळायचं, घरची भांडी वाचायची. जेवण चांगलं असायचं, खोटं कशाला बोलू. खीर, वडे, अळूची भाजी. पण रीत अशी, की आधी एक पान गच्चीवर ठेवायचं, त्याला कावळा शिवायचा, मग पंगत जेवणार. आणि पंगत खाली. फरशीवर. मांडी घालून.

ज्यांना संडासला बसवायला दोन माणसं लागायची, त्यांना मांडी घालायला लावायचे.

इंदूआक्का कुरुंदवाडच्या. खुब्याचं हाड मोडून जुळलेलं, गुडघा वळायचा नाही. जीभ मात्र चांगली वळायची. "ह्यांचा बा सरगात गादीवर, आन मी हितं फरशीवर," म्हणायच्या. सगळी म्हातारी माणसं हसायची. त्याच आक्का पंगतीतनं उठल्या की भिंतीकडं तोंड करून रडायच्या. मी पाय शेकत बसायची.

म्हणून मी ऑफिसात गेले. व्यवस्थापकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. म्हटलं, भाऊसाहेब, व्हरांड्यात बाकं रिकामी पडलीत, ज्यांचं दुखतं त्यांना त्यावर बसून जेवू द्या. आणि कावळ्यासाठी ताटकळत ठेवू नका, कितीजणांना साखरेचा आजार आहे, चक्कर येते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. स्वतः उशी घातलेल्या खुर्चीत. मग म्हणाले, "दात्यांना पंगत दिसायला पाहिजे. बाकावर बसवून काय हॉटेल दाखवू? आणि तुमच्यात म्हाळ नसतो, सिस्टर. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

तुमच्यात. एवढा एकच शब्द. आवाजही चढवला नाही. घरी जाईपर्यंत चपलेत खडा शिरावा तसा तो टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराच्या वडिलांचा म्हाळ. पंगत बसली. दोन बायांनी खांदे दाबून आक्कांना खाली बसवलं. पान गच्चीवर गेलं. कावळा येईना. काव काव करून दुकानदाराचा घसा बसला. वाढलेली खीर गार झाली. म्हातारी माणसं हात मांडीत धरून बसलेली. आक्कांचा पाय थरथरायला लागला. मी वाकून त्यांच्या पाठीला उशी देत होते, तेवढ्यात भाऊसाहेब आले आणि ते वाक्य बोलले. फाटकाबाहेर थांबा.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. कावळा का येत नाही, ते त्यालाही कळलं होतं.

मी निघाले. खरंच निघाले. माझी आजी निघायची, आई निघायची, तसे पाय आपोआप बाहेरच्या वाटेला लागले. व्हरांड्यात पोचले आणि मागनं आक्का बोलल्या, "अगं ए सिस्टर, मला उठीव की. मेलेल्यापायी जित्याला किती बसवत्यात गं."

समोर बाक होतं.

ओढलं. फरशीवरनं करकरत पंगतीच्या मधोमध आणलं. आक्कांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, बाकावर बसवलं. त्यांची पत्रावळ माझ्या हातांवर धरली. म्हटलं, जेवा आक्का.

"उद्यापासून यायचं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

मी म्हटलं, "उद्याचं उद्या. आज ह्या बाकावर जेवणार. आणि मी हितंच थांबणार."

आक्का जेवल्या. सावकाश, वडा कुस्करून. कावळा आला का नाही, मी बघितलं नाही.

नोकरी गेली. बाकही परत व्हरांड्यात गेलं असणार. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा म्हाळ होता. मी जिंकले बिंकले नाही. पुढं आक्कांना भेटायला गेले, तर फाटकावरनंच परतवलं. पण त्यानंतर कितीक दवाखान्यांत राबले. कुणी "जरा बाहेर थांबा" म्हटलं की मी विचारते, का? तोंडावर, सगळ्यांसमोर. उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

तूही हलू नकोस. उद्या जा आणि सांग, गाद्या ओल्या आहेत. नवीन आहेस म्हणूनच सांग. जुनी झालीस की तुला तो वास यायचा थांबेल. नोकरी गेली तर जाईल. आत्याच्या दारात बाक आहे, त्यावर बसून दोघी जेवू.

आधी सांग, मग ये. पण लवकर ये.