आईची परवानगी

दांडिया बाजारातल्या आमच्या घराची वरची खोली आईनं एका व्हिएतनामी भिक्षुणीला भाड्यानं दिली, तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि धाकटी बहीण नर्स होती. भिक्षुणी बडोद्याला पाली शिकायला आली होती. कांदा-लसूण खात नाही, एवढ्यावरच आई तिच्यावर खूश झाली.

त्या वर्षी विश्वामित्रीला पूर आला. नदीकाठच्या वस्तीतली माणसं एका शाळेत येऊन राहिली. भिक्षुणी सकाळीच तिकडे निघाली, तर बहीणही रात्रपाळी संपवून तिच्याबरोबर गेली. जखमा धुणं, पोरांना ओआरएस पाजणं, म्हाताऱ्यांची औषधं शोधून आणणं असं काम होतं. पुढच्याच आठवड्यात भिक्षुणीच्या संघातल्या आणखी दोघी आल्या, एक तैवानची, एक फ्रान्सची. पाणी ओसरलं तरी त्या गेल्या नाहीत. वस्तीतच दोन खोल्या घेऊन त्यांनी दवाखाना सुरू केला. बहीण सुट्टीच्या दिवशीही तिथेच असायची.

आणि एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, मला भिक्षुणी व्हायचंय."

आईनं हातातला घास खाली ठेवला. "मुंडण करून? अगं, नर्सच आहेस ना तू? सेवाच करतेस की!"

"करते. पण घरी आले की दार लावून घेते. त्या दार लावत नाहीत गं. मला तसं जगायचंय."

आई उठली, हात धुतले आणि तडक वर गेली. मीही घाबरून मागोमाग गेले. आई तिच्या बडोदी हिंदीत भिक्षुणीला म्हणाली, "आम्ही तुम्हाला घर दिलं आणि तुम्ही आमची मुलगी नेताय?"

भिक्षुणीनं तिला बसायला चटई दिली. "तुमची परवानगी नसेल तर आम्ही तिला घेऊ शकत नाही. बुद्धांचाच नियम आहे. आईवडिलांनी हो म्हणावं लागतं."

आईला हे अपेक्षित नव्हतं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हो किंवा नाही, सगळं तिच्यावरच आलं. तिनं विचारलं, "तुमच्या आईनं दिली होती?"

"उशिरा. आधी बोलणंच टाकलं होतं. मग एकदा फोनवर विचारलं, तिकडे पोटभर मिळतं ना?"

आई खाली आली. पण दुसऱ्या दिवसापासून ती दवाखान्यात जायला लागली. वस्तीतल्या बायकांचं गुजराती तिन्ही भिक्षुणींना धड कळायचं नाही, आई मध्ये बसून सांगायची. मुलगी कुठल्या माणसांत जाणार आहे हे तिला स्वतः बघायचं होतं, असं मला वाटतं. वर्षभर ती बघत राहिली. मग एका दुपारी बहिणीला म्हणाली, "जा. पण आजारी पडलीस तर लपवायचं नाही." आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप रडली.

बहिणीची दीक्षा तैवानला झाली. तिथून संघानं तिला आफ्रिकेत मलावीला पाठवलं, तिथेही पुरानंतर दवाखाना उभा करायचा होता. इकडे वस्तीतला दवाखाना चालूच राहिला. आता तिथे श्रीलंकेची एक भिक्षुणी आहे, आणि ती आईपेक्षा चांगलं गुजराती बोलते.

गेल्या हिवाळ्यात बहीण प्रथमच घरी आली, सोबत मलावीचीच एक तरुण भिक्षुणी होती. तिच्या आईनंही आधी नाहीच म्हटलं होतं म्हणे. आमच्या आईनं तिला जवळ बसवून सगळी हकीकत विचारली, बहीण भाषांतर करून थकली. संध्याकाळी त्या पाहुणीनं आमच्या गॅसवर मक्याच्या पिठाची घट्ट उकड शिजवली. आईनं त्या उकडीवर वरण घेतलं, एक घास खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि ताट पुन्हा पुढे केलं.