सगुणच्या तोंडून गेलेला शब्द

नार्वे ते डिचोली धावणाऱ्या खासगी बसचा कंडक्टर सगुण गावच्या फुटबॉल संघासाठी वेडा होता. संघाचा सामना असला की तो मालकाकडे सुट्टी मागायचा; नाही मिळाली तर खुशाल आजारी पडायचा. संघ जिंकला की दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुलांना बस फुकट. हरला की बायको तारा त्याला जेवायला हाक मारायलाही बिचकायची.

संघाचा गोली गौरेश त्यांच्या शेजारच्या देवकीवहिनीचा मुलगा. लहानपणी त्याला मैदानावर पहिल्यांदा नेलं ते सगुणनेच. गौरेशने चेंडू अडवला की सगुण असा मिरवायचा, जणू स्वतःच झेपावला होता.

त्या वर्षी संघ कधी नव्हे तो अंतिम सामन्यात पोचला. समोर पेडण्याकडचा संघ. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात ही गर्दी! बरोबरी चालली होती आणि सामना संपतच आला होता. इतक्यात लांबून एक साधा, सरपटत आलेला चेंडू गौरेशच्या हातांतून निसटला आणि मागे जाळीत गेला.

सगुणचं डोकं फिरलं. बांधावर चढून तो ओरडला, "गौरेश, विकलो गेलंस रे! विकलो गेलंस!"

स्टॉपवरची माणसं गोळा करून करून कमावलेला आवाज तो, पार पलीकडच्या माडांपर्यंत गेला. मग कुणीतरी तोच शब्द उचलला, आणि बघता बघता अर्धं शेत ओरडायला लागलं.

घरी येईपर्यंत राग ओसरला होता. आपण काय बोललो हे सगुणला कळत होतं, पण मैदानावर माणूस काहीही बोलतो, असं म्हणून त्याने अंघोळ केली आणि पडला.

दोन दिवसांनी डिचोलीहून परतताना बाजार करून आलेला यशवंत बसमध्ये म्हणाला, "आयकलंस मा सगुण? पेडण्यावाल्यांनी गौरेशाक मोटारसायकल कबूल केलेली."

"कोण सांगता?"

"सगळो गाव सांगता."

सगुणचाच शब्द हातपाय फुटून, वर मोटारसायकल घेऊन त्याच्याकडे परत आला होता. 'खोटं आहे, ते मीच बोललो,' एवढं म्हणायचं होतं; पण बस माणसांनी भरलेली होती, आणि तो "पुढे सरा, पुढे सरा" करत मागे निघून गेला. पुढच्या सीटवर देवकीवहिनी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उतरताना त्यांनी त्याच्याकडे न बघता पैसे पुढे केले आणि त्यानेही ते मुकाट घेतले.

त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना. शेवटी रविवारी सरावाच्या वेळी तो मैदानावर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी रागान बोललंय. माका कायएक ठावक नाय. पोर सरळ आसा."

कुणीतरी हसून म्हणालं, "देवकीन पाठवल्यान वाटता तुका!" बाकीचेही हसले. त्याच्या ओरडण्यावर ज्यांनी झटकन विश्वास ठेवला होता, त्यांना त्याचं हे बोलणं पटेना. गौरेश सरावाला आलाच नव्हता.

तसाच तो त्याच्या घरी गेला. गौरेश अंगणात सुपाऱ्या सोलत होता. सगुण हात जोडून उभा राहिला.

"काका, लोक बोलले त्याचा माका काय नाय," गौरेश खाली बघूनच म्हणाला. "गोल गेलो की मी दर वेळी पयलो तुझ्याकडे बघतंय. तू 'जाव दे रे' म्हणतंस म्हणान. त्या दिवशीय बघितलंय."

आतून देवकीवहिनी चहा घेऊन आल्या. कप सगुणसमोर ठेवून आत गेल्या. तो चहा संपवताना सगुणला वाटलं, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गौरेश आता फोंड्याच्या एका संघाकडून खेळतो. चांगलं नाव काढलंय म्हणतात. रस्त्यात भेटला की हसतो, ताराकाकीची चौकशी करतो. सगुण गावचे सामने अजून बघतो, पण फोंड्याला जाऊन गौरेशचा खेळ बघायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही. गोल गेला आणि सवयीने त्या पोराने मान वळवली, तर समोर आपण दिसायला नको, असं त्याला वाटतं.