बंदूक नेणारं विमान

आमच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आतच कारखान्याने माझ्या यजमानांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. मागे कानडी मुलखात, जयनगरच्या नव्या घरात उरलो दोघंच, मी आणि मामंजी. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. जयनगर तेव्हा नावापुरतंच नगर होतं. मोजकी घरं, मग दगड रोवून आखलेले रिकामे प्लॉट आणि त्यांच्यापलीकडे नाचणीची शेतं. दिवस मावळला की कोल्हे ओरडायचे.

मामंजी जंगलखात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. आमचं बोलणं म्हणजे "पान वाढलंय," "आलो," "ताक घालू?" "नको." माझं माहेर साताऱ्याचं, माणसांनी गजबजलेलं. इथे स्वयंपाक करताना मी स्वतःशीच मोठ्याने बोलायची आणि व्हरांड्यात ऐकू जात असेल या भीतीने मधेच गप्प व्हायची. व्हरांड्यात मामंजी दुपारभर आपली दुनळी बंदूक पुसत बसलेले असायचे. जीपमधून पडून त्यांची पाठ दुखावली होती, त्यामुळे रानात जाणं कधीच थांबलं होतं. पुसणं मात्र चालू होतं. तेलाचा वास थेट माझ्या चुलीपर्यंत यायचा.

त्या थंडीत त्यांच्या एका मित्राचं कार्ड आलं. दोघं तरुणपणी जंगलखात्याच्या शिक्षणात एका खोलीत राहिलेले. मित्र निवृत्त होऊन चांद्याला स्थायिक झाला होता. त्याच्या गावाजवळ बिबट्याने गुरं मारायला सुरुवात केली होती आणि शिकारीची परवानगी मिळाली होती. 'ये, आता नाही तर कधी नाही,' असं त्याने लिहिलं होतं.

जेवताना मामंजी म्हणाले, "सूनबाई, उद्या जरा कँटोन्मेंटात जाऊ. बसमध्ये चढताना मला हात लागतो."

"कशाला?"

"विमानाचं विचारायला. डॉक्टर आगगाडीला नको म्हणतात."

इतकं सलग ते माझ्याशी प्रथमच बोलले.

आता हे सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही, पण तेव्हा विमानं वेगवेगळ्या खासगी कंपन्यांची होती आणि प्रत्येकीचे नियम न्यारे. आम्ही मार्केटपर्यंत बसने आणि पुढे जटक्याने, म्हणजे तिकडच्या घोडागाडीने गेलो. पहिल्या कचेरीत काउंटरवरच्या बाईने हसून सगळं ऐकून घेतलं. बंदूक म्हणताच तिचं हसू मावळलं. बंदूक प्रवाशाबरोबर जाणार नाही, म्हणाली. पार्सल म्हणून मालाच्या विमानाने जाईल, मागाहून.

"मागाहून म्हणजे कधी?" मामंजींनी विचारलं.

"जागा असेल तेव्हा."

त्यांनी टोपी उचलली आणि ते बाहेर आले. "मी तिथे पोचून काय त्या बिबट्याला थांब म्हणू?" पायरीवर माझ्या खांद्याचा आधार घेत ते पुटपुटले. मला हसू आलं, पण मोठ्यांसमोर हसायचं कसं म्हणून मी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या कंपनीचं विमान मद्रासवरून जायचं. रात्री तिथे मुक्काम. बंदूक न्यायला त्यांची हरकत नव्हती, पण रात्रभर ती पोलीस चौकीत ठेवावी लागेल, आणि सकाळी चौकी उघडायच्या आत विमान सुटलं तर कंपनी जबाबदार नाही. हे सगळं तिथला साहेब इतक्या गोड आवाजात सांगत होता, की मामंजी त्याला "थँक यू" म्हणूनच उठले.

तिसऱ्या कंपनीचं नाव यजमानांच्या कारखान्यातल्या एका स्नेह्याने सुचवलं. कचेरी म्हणजे एका औषधांच्या दुकानावरची खोली. मॅनेजर मंगळूरकडचा. त्याने आधी परवाना पाहिला, मग विचारलं, "नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात ना? मग पेटीत घालून कुलूप लावा. पेटी आमचा कॅप्टन आपल्याजवळ ठेवील. काडतुसं वेगळ्या डब्यात, सामानात. हैदराबादला थोडा वेळ थांबून नागपूर. तुम्ही आणि बंदूक एकाच विमानात."

मामंजींचा चेहरा उजळला. मला मात्र आठवलं, की याच कंपनीचं विमान मागच्या वर्षी कुठल्याशा शेतात उतरवावं लागलं होतं. मी ते तिथेच बोलून दाखवलं. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "उतरलं खरं. पण सगळे चालत घरी गेले, अम्मा."

"सरी," म्हणजे ठीक, असं मामंजी कानडीत म्हणाले. "हेच विमान."

खाली उतरून आम्ही एका हॉटेलात कॉफी घेतली. मामंजी बंदुकीच्या पेटीला आतून कसलं कापड लावावं ते सांगत होते. चिकपेटेतल्या कापडबाजारात मखमल मिळेल, म्हणाले. आणि माझा बांध फुटला.

"तीन कचेऱ्या हिंडलो आपण मामंजी. बंदूक कुठे झोपेल, कुणाजवळ बसेल, सगळीकडे विचारलंत. मी त्या घरात एकटी कशी राहणार, हे एकदा तरी विचारलंत का?"

बोलले आणि माझी मलाच भीती वाटली. सासऱ्यांशी असं कोण बोलतं? त्यांनी पेला खाली ठेवला. परतताना बसमध्ये दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. त्या संध्याकाळी मी खाली मान घालून भात वाढला. ते नेहमीसारखे जेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. पाहते तो मामंजी काठी टेकत समोरच्या घराच्या फाटकात उभे. तिथे एक कानडी बाई एकट्या राहायच्या, शाळेत शिकवायच्या. आम्ही राहायला आल्यापासून त्यांच्याशी आमचं कुणाचं एक अक्षर बोलणं नव्हतं. मामंजी कानडीत बोलत होते, अगदी झुळझुळ. धारवाडकडच्या जंगलात उभी हयात गेलेली. त्यांना ती भाषा इतकी सुंदर येते हे मला तेव्हाच कळलं. मला तुटकं समजायचं, तरी एवढं कळलं: सून लहान आहे, घर मोठं आहे, तुम्ही झोपायला याल का?

त्या बाईंनी माझ्याकडे पाहून हात हलवला. मामंजी परत येऊन म्हणाले, "त्यांना अक्का म्हण." आणि आत गेले.

विमान सकाळचं होतं. कचेरीच्या गाडीने आम्हाला एरोड्रोमवर नेलं. त्या काळी सामानाबरोबर माणसांचंही वजन करीत. मामंजी बूट, कोट, टोपीसकट काट्यावर उभे राहिले. पहाडासारखा वाटणारा माणूस, पण काटा माझ्या अपेक्षेपेक्षा फारच अलीकडे थांबला. मी नजर दुसरीकडे वळवली. त्यांच्या मागे पेटी ठेवली गेली. कॅप्टनने स्वतः कुलूप ओढून पाहिलं आणि ती उचलून आत नेली. शिडी चढताना मामंजींना हात द्यायला मी नव्हते, मला कठड्याअलीकडेच थांबवलं होतं. एका हमालाने दिला. वर पोचल्यावर ते वळले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

घरी आले. कुलूप काढलं. व्हरांड्यातली खुर्ची तशीच होती. तेलाचा वास नव्हता, आणि मला तोच वास हवाहवासा वाटत होता. विलायतेहून यजमानांचं पत्र आलं होतं, शिक्षण आणखी सहा महिने लांबल्याचं. ते वाचून मी चूल पेटवलीच नाही. संध्याकाळी अक्का डब्यात सारू, म्हणजे त्यांच्याकडचं सार, घेऊन आल्या. "स्वल्प ऊट माडी," थोडं जेवा, म्हणाल्या. त्यांना मराठी येत नव्हती, मला कानडी धड येत नव्हती. त्या मुलांच्या वह्या तपासत बसल्या, मी शेजारी विणत बसले. माझे डोळे भरून आलेले त्यांना दिसले असावेत, पण त्यांनी काही विचारलं नाही, आणि तेच बरं वाटलं.

मामंजी सुखरूप परतले, मी त्यांना आणायला कचेरीत गेले होते. जटक्यातून घरी येताना मी विचारलं, "मिळाला बिबट्या?"

"कसला मिळतोय!" ते म्हणाले. "माझा मित्र आता ठार बहिरा झालाय. मचाणावर मी कानात कुजबुजलो, 'आलाय, डावीकडे.' तर हा ओरडला, 'काय म्हणालास?' बिबट्या जो पळाला! दुसऱ्या रात्री पुन्हा तेच."

"मग?"

"मग काय, गप्पा मारत बसलो. म्हणजे मी लिहून दाखवायचो आणि तो ओरडायचा."

मी पदर तोंडाला लावायचंही विसरले. मी हसले, तेही हसले, आणि जटकावाला वळून बघायला लागला. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "बायको गेल्यापासून तो तिथे एकटाच असतो. कार्डात बिबट्याचं निमित्त होतं गं."

पुढच्या उन्हाळ्यात मित्र गेल्याची तार आली. मामंजींनी ती वाचून मला दिली. दुपारी मी दोन पेले कॉफी घेऊन व्हरांड्यात गेले आणि न विचारता खाली जोत्यावर बसले. पुढे हा नेमच झाला. कधी ते जंगलातलं काही सांगत, बहुतेक वेळा नाही.

काही दिवसांनी पेपरात आलं, की सरकार सगळ्या विमानकंपन्या एकत्र करतंय. मी त्यांना वाचून दाखवलं. "आता बंदूक कोण नेतं ते विचारत हिंडायला नको," मी म्हटलं.

"हं," म्हणून त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "पण तो मंगळूरचा मॅनेजर भला माणूस होता. त्याला ठेवतील ना?"

मला ठाऊक नव्हतं. ठेवतील, असं मी म्हटलं.