पिशवीतली निळी ओढणी

आमच्या पाळणाघराचा एक रिवाज आहे. नवं मूल आलं की आईने अंगावरची ओढणी न धुता आणून द्यायची. घामाची चालेल, साबणाची नको. पोर त्यात तोंड खुपसतं आणि झोपतं. सातिवलीच्या कंपन्यांत जाणाऱ्या बायकांची कितीतरी पोरं मी अशी झोपवलीत.

म्हणून वसईतल्या एका हॉलवर शास्त्रज्ञांची कॉन्फरन्स भरली आणि त्यांची मुलं सांभाळायला मला बोलावलं, तेव्हा मी आधीच निरोप धाडला, कपडा आणा. मोठे शास्त्रज्ञ असले तरी पोरं तीच ना, रडकी! बाजूच्या खोलीत गाद्या घातल्या, झोळी बांधली. बायका निमूट ओढण्या देऊन गेल्या. एक बाप मात्र वर्षाच्या मुलीला घेऊन आला. त्याच्या हातात चेन लावलेली प्लास्टिकची पिशवी, आत घडी घातलेली निळी ओढणी.

"मावशी, अगदीच रडली तर उघडा," तो म्हणाला. "हिची आई गेली पावसाळ्यात. मीसुद्धा उघडत नाही. वास संपेल ना."

मी पिशवी जपून झोळीशेजारी ठेवली.

तो भाषणाला गेला आणि पोरीने जे भोकाड पसरलं! खुळखुळा नको, दूध नको. माईकवरून बापाचा आवाज भिंतीपलीकडून यायला लागला, तशी ती हाताबाहेरच गेली. शेवटी उघडली पिशवी. आधी मी हुंगून बघितली. प्लास्टिकचा वास, बस्स. बाकी काही म्हणता काही नाही. पोरीनेही ओढणी भिरकावून दिली. मग तीच ओढणी मी खांद्यावर घेतली, पोरीला छातीशी धरलं. माझ्या मानेत तोंड घालून ती झोपली, तशी तिला ओढणीसकट गादीवर ठेवलं.

भाषण संपताच तो धावत आला. "झोपली? ओढणीनेच ना?"

काय सांगणार होते मी? "हो तर. लगेच," म्हटलं.

त्याने ओढणी उचलून नाकाशी धरली. माझा जीव टांगणीला लागला. त्या दिवशी मी अंबाड्यात आमच्या वाडीतला सोनचाफा खोवला होता.

"आहे अजून," तो म्हणाला. मग जरा गोंधळला. "चाफा... ती चाफा माळायची का?" स्वतःशीच मान डोलावली. "माळायची. माळायचीच."

डोळे पुसून त्याने घडी घातली, चेन लावली, पुन्हा पुन्हा दाबून बघितली. सांगायचं होतं हो मला, देवाशपथ. पण पोरीचं झबलं नीट करत बसले.

दुसऱ्या दिवशी पिशवी उघडल्याबरोबर पोरगी गप्प झाली. संध्याकाळी ती दोघं त्यांच्या गावाला निघून गेली.

मी आता चाफा माळत नाही. वाडीतलं झाड फुललं की अंगावर काटा येतो. कुठेतरी ती पोर रडत असेल, तो पिशवी उघडत असेल, आणि ती आई म्हणून मला हुंगत असेल.