चौथी सूचना

लातूरच्या डॉक्टरांनी आम्हाला चार सूचना दिल्या होत्या. त्यांतल्या तीन मी त्याच संध्याकाळी जळकोटला बहिणीच्या घरी पोचवल्या.

रुग्ण माझी भाची होती, वय वर्षे दहा. तिचे वडील माझे सख्खे मामा. आमच्याकडे थोरली मुलगी मामाला देण्याची रीत आहे. अक्का तशीच दिली गेली. डॉक्टरांनी भाचीला विचारलं, "यातले वडील कोण?"

"टोपीवाले माझे अप्पा. हे मामा. पण हे बी त्यांला मामाच म्हंत्यात."

डॉक्टरांनी कागदावर आईवडिलांच्या मध्ये एकाऐवजी दोन रेघा ओढल्या. नात्यातलं लग्न असं दाखवतात, हे मला नंतर कळलं.

तिचा दुधाचा दात पडला तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. त्याआधी नाकातून यायचं, अंगावर काळेनिळे डाग उठायचे. गावाकडे तीनदा रक्त तपासलं. तीनही वेळा प्लेटलेट भरपूर निघाल्या आणि तीनही वेळा आम्ही निश्चिंत होऊन परतलो. लातूरला नमुना पुढे मोठ्या प्रयोगशाळेत गेला. "संख्या बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले, "पण त्या एकमेकींना धरत नाहीत. जन्मापासूनचं आहे. आई आणि वडील, दोघांकडून आलंय."

नाकातून रक्त आलं तर दाबून धरायचं आणि गोळी द्यायची. अंगदुखीचं इंजेक्शन कुठेही घ्यायचं नाही. दात काढायच्या आधी विचारायचं. चौथ्या सूचनेआधी डॉक्टरांनी मुलीला बाहेर बसायला सांगितलं.

"पाळी सुरू होईल त्याच दिवशी फोन करा. गोळ्या लगेच सुरू झाल्या तर निभावतं. उशीर झाला तर दुसऱ्याच्या प्लेटलेट द्याव्या लागतील. त्या दिल्या की शरीर त्यांना परकं ओळखायला शिकतं, पुढच्या वेळी टिकू देत नाही. मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवायचा उपाय आहे तो. आई आली नाही का? मग घरी नीट सांगा."

आम्ही दोघांनी मान हलवली. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

बसस्टँडवर ते म्हणाले, "ते शेवटचं तू सांग अक्काला. पेपरवाला हायस."

"तुमची बायको आहे मामा. तुम्ही सांगा."

"बापानं बोलायची गोष्ट हाय का ती?"

"मग भावानं बोलायची आहे?"

"लई शिकलास म्हणून म्हनलं," ते म्हणाले आणि बस लागली.

घरी मी फाईल उघडून तीन सूचना मोठ्याने वाचल्या. फाईल इंग्रजीत होती. मामा बाहेर पाय धूत होते. बराच वेळ धूत होते. ते आत आले की मी उठेन आणि ते सांगतील, असं मी ठरवलं. मी सांगितलं असेल, असं त्यांनी धरलं.

त्या वर्षी आरोग्य पुरवणीसाठी मी या आजारावर लेख लिहिला. त्यात चौथी सूचना होती, वेगळ्या चौकटीत. तिचं प्रूफ मी स्वतः तपासलं. आमची नांदेडची आवृत्ती जळकोटला जात नाही.

दोन वर्षांनी भाचीला पाळी आली. आमच्याकडे पहिल्या वेळी मुलीला कोपऱ्यात बसवतात. पाच दिवस तिला कुणी शिवत नाही. शेजारच्या बायका ताटात गोडधोड वाढून दुरून सरकवतात, पाचव्या दिवशी न्हाऊ घालून ओटी भरतात. अक्काने सगळं रीतसर केलं. मुलगी आपली कापडं आपणच धूत होती, त्यामुळे ती किती भिजतात हे कुणी पाहिलं नाही. अशक्त वाटतं म्हणाली, तर बायका म्हणाल्या, पहिल्यांदा असंच असतं. चौथ्या दिवशी दुपारी ती मोरीत पडली.

मी कार्यालयात होतो. मामांचा फोन आला. "पोरगी डोळे उघडंना झालीय."

मी नांदेडहून लातूरला पोचलो तेव्हा तिला रक्त चढत होतं. प्लेटलेट देणारा रक्तदाता मिळायला संध्याकाळ झाली. गोळ्या, सलाईन, पुन्हा प्लेटलेट. डॉक्टरांनी अक्काला विचारलं, "कधी सुरू झाली?"

"चार दिस झाले."

"त्याच दिवशी कळवायला सांगितलं होतं."

"कुणाला?" अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मग अक्काने पाहिलं, आधी मामांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ.

रक्तस्राव तिसऱ्या दिवशी थांबला. मुलगी वाचली. पुढच्या वर्षी तपासणीत दिसलं की दुसऱ्याच्या प्लेटलेट आता तिच्या अंगात टिकणार नाहीत. राखून ठेवायचा उपाय आम्ही बाराव्या वर्षीच वापरून टाकला होता. दुसरं औषध आहे, पण ते बाहेरून मागवावं लागतं आणि रक्त ते येईपर्यंत थांबत नाही.

ती आता नांदेडला आमच्याकडे राहून शिकते. कोपऱ्यात बसत नाही. पाहुणे असले तरी सरळ सांगते, "मामा, पाळी सुरू झाली. गोळी घेतली." मी तारीख आणि वेळ लिहून घेतो. मागच्या महिन्यात तिला स्थळ आलं, चांगलं. अक्काने फोनवर विचारलं, "बाळंतपणाचं काय म्हनत्यात डॉक्टर?" मी सगळं सांगितलं, काही न गाळता. ती ऐकत राहिली.

त्या दोन वर्षांत मी जळकोटला किती वेळा गेलो, हे मी जुन्या डायऱ्यांत तपासलं आहे. अकरा वेळा. त्यातल्या एका खेपेला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, अक्का मला वाढता वाढता म्हणाली होती, "डॉक्टरनं आनखी काय सांगितलं व्हतं का रं?" भाची पलीकडे बसून मेंदी खरवडत होती.

मी म्हणालो, "न्हाई. तेवढंच."