दोर्कासबाईंची दुसरी चाचणी

इबू दोर्कास सेलान, म्हणजे दोर्कासबाई, आमच्या फातुमोलोच्या डोंगरातल्या शाळेत तेवीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या आणि मी, पाक मेसाक म्हणजे मेसाकसर, गणित. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी. त्यांनी जे संशोधन केलं त्यातले आकडे माझ्या हातचे आहेत. म्हणून हे मी सांगतो. दुसऱ्या कुणाला ते नीट सांगता येणार नाही.

त्या जन्मल्या त्याच डोंगरात, गुरं राखणाऱ्याच्या घरी. लहानपणी वर्गात तोंडातून मेतो, म्हणजे आमच्या घरच्या भाषेतला, शब्द निघाला की मास्तर गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. पुढच्या पोराच्या तोंडून मेतो निघेपर्यंत ती गळ्यातच राहायची. त्या हे हसत सांगत, पण मान मात्र चोळत.

इंग्रजी शिकवायला लागल्यावर त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आमची पोरं 'ती जाते' हे इंग्रजीत कधीच धड लिहीत नसत, क्रियापदाच्या शेवटचा 'एस' गाळत. सोए गावापासून कुपांग शहरापर्यंत सगळे शिक्षक म्हणत, डोंगरातली पोरं मठ्ठ. इबू दोर्कास म्हणाल्या, मठ्ठ नाहीत, पुस्तक चुकीच्या दारातून आत शिरतंय. पुस्तक शिकवतं देशाच्या सरकारी भाषेतून, इंडोनेशियनमधून, आणि इंडोनेशियनमध्ये कुणीही जावो, क्रियापद जागचं हलत नाही. आमच्या मेतोत मात्र मी गेलो, तू गेलास, ती गेली की दरवेळी क्रियापदाचं तोंड बदलतं. इंग्रजीत शेपूट बदलतं, एवढाच फरक. म्हणजे घरात मेतो बोलणाऱ्या पोराला ही गोष्ट आईच्या दुधाबरोबरच मिळालेली असते. कुणी तिची आठवण करून द्यायला हवी, इतकंच.

हे सुचल्यावर त्या झपाटल्यासारख्या झाल्या. अकरा वर्षं पोरांच्या वह्यांतल्या चुका उतरवून घेतल्या. शेवटी दोन वर्ग निवडले. एकाला पुस्तकाप्रमाणे शिकवायचं, दुसऱ्याला मेतोवरून. मेतोच्या वर्गात एकतीस पोरं होती, पुस्तकाच्या वर्गात तेहतीस. वर्षअखेरीला आम्ही दोघांनी चाचणी तपासली. मेतोचा वर्ग पुढे होता, आणि थोडाथोडका नाही.

त्या वर्गात आदोल्फिना नेनोहाई नावाची मुलगी होती. बारीक चणीची, सतत बडबडणारी. ती शेळ्यांशीसुद्धा इंग्रजीत भांडायची. एकदा इंग्रजीत चुकलेल्या मुख्याध्यापकांना वाटेत अडवून तिनं विचारलं, सर, तुमचं क्रियापद कुठे हरवलं? मुख्याध्यापक आठवडाभर इबू दोर्कासशी बोलले नाहीत. इबूंनी मात्र ते वाक्य वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

लेख लिहायला दोन वर्षं गेली. परदेशातल्या एका नियतकालिकाकडे तो पाठवला आणि चौदा महिन्यांनी उत्तर आलं. एका परीक्षकानं लिहिलं होतं की लेखाचं इंग्रजी कच्चं आहे, ज्याची ती मातृभाषा आहे अशा माणसाकडून तपासून घ्यावं. इबूंनी ते वाचलं आणि कागद पालथा ठेवला. "असा माणूस फातुमोलोत कुठून आणू, पाक मेसाक? बाजारात ऑर्डर देऊ?" एवढंच म्हणाल्या. पण दुसऱ्या परीक्षकाचं मत चांगलं होतं. त्यानं लिहिलं होतं, शोध महत्त्वाचा वाटतो, फक्त तो टिकतो का ते दाखवा. त्याच मुलांची पुन्हा एक चाचणी घ्या, मग आम्ही छापू.

तोवर ती पोरं शाळा सोडून गेली होती. जून महिना, शाळेला सुट्टी. माझ्या मोटरसायकलवर मागे त्या, मांडीवर प्रश्नपत्रिकांची पिशवी, असे आम्ही वाड्या-वाड्यांतून निघालो. पहिल्या दिवशी त्या खुशीत होत्या. कुणाच्या घरी उकडलेला मका खाल्ला, कुणाच्या घरी पान-सुपारी. त्या दिवशी पोरं मात्र दोनच भेटली.

तिसऱ्या दिवसापासून आम्ही आधी काय विचारायचं ते बदललं. 'आहे का घरी?' असं न विचारता 'कधी गेली?' असं विचारू लागलो. उत्तर ठरलेलं असायचं. मलेशिया. कुणी पेनांग म्हणे, कुणी जोहोर, कुणाला नावही सांगता येत नसे, नुसता समुद्राकडे हात.

आदोल्फिनाचं घर सगळ्यात वर, वाऱ्याच्या तोंडाशी. तिची आई ओर्पा अंगणात मका सोलत बसली होती. इबूंना पाहून तिनं हात पुसले, विड्याची टोपली पुढे केली आणि हसली.

"आदो कुठाय?" इबूंनी विचारलं.

"मलेशियाला गेली. तुम्हाला कुणी बोललं नाही होय?"

"किती वर्षांची होती ती?"

"पंधराची. कागदावर बावीस." ओर्पानं सुपारी दाढेखाली धरली. "दलाल आला होता. ह्याच अंगणात त्यानं आमची आणि शेजारची, दोघींना उभं केलं. म्हणाला, इंग्रजीत काहीतरी बोला बघू. शेजारची नुसती लाजत बसली. आमची धडाधड बोलली. तो म्हणाला, ही मोठ्या घरात शोभेल, हिला जास्त पगार मिळेल. तिथंच पसंत केली. मला केवढा अभिमान वाटला, इबू. म्हटलं, हे सगळं तुमच्यामुळं."

मी विचारलं, फोन येतो का. पहिले दोन महिने आला, ओर्पा म्हणाली. नंतर तो नंबर लागत नाही. मग ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक चिठोरं घेऊन आली. त्यावर एका माणसाचं अर्धं नाव आणि 'जोहोर' इतकंच होतं.

"तुम्ही तिच्या मालकाला इंग्रजीत एक पत्र लिहा ना," ती इबूंना म्हणाली. "तुमचं ऐकतील ते."

इबूंनी तिथेच मांडीवर पत्र लिहिलं. एक प्रश्नपत्रिका पालथी करून, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. पाकीट ओर्पाच्या हातात दिलं. त्यावर पत्ता काय लिहायचा, हे तिनंही विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत एकतीसपैकी नऊ पोरांची चाचणी झाली. नवांतल्या सात जणांना सगळं जसंच्या तसं येत होतं. एकीनं कडेवरचं मूल सांभाळत पेपर सोडवला, एकही 'एस' न गाळता. इबूंचं म्हणणं खरं होतं. शिकलेलं टिकलं होतं.

उरलेली कुठे गेली हे लेखात द्यावं लागतं, म्हणून मी त्याचंही कोष्टक केलं. पाच जण कुपांगला कामाला गेले होते. पुस्तकाच्या वर्गातल्या पोरांची घरंही आम्ही त्याच फेरीत पालथी घातली होती. तिथली तेहतीसपैकी सहा परदेशी गेली होती. मेतोच्या वर्गातली एकतीसपैकी सतरा. मी आकडे पुन्हा केले, मग तिसऱ्यांदा केले, आणि कागद त्यांच्या टेबलावर सरकवला.

त्यांनी कागद जवळ ओढला. "योगायोग असू शकतो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "असं योगायोगानं हजारात दोन-तीनदा होईल," मी म्हटलं.

"आणि चाचणीतला फरक?"

"तो शंभरात एकदा."

म्हणजे अकरा वर्षांच्या कामातून सगळ्यात पक्की अशी हीच गोष्ट निघाली होती. मी त्यांना समजावलं. दोष दलालांचा आहे, दुष्काळाचा आहे, पंधराचं बावीस करणाऱ्याचा आहे, तुम्ही फक्त शिकवलंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लेखाच्या शेवटी शिफारस लिहावी लागते, पाक मेसाक," त्या म्हणाल्या. "इतर शाळांनी ही पद्धत वापरावी, हे मी कोणत्या हातानं लिहू?"

मी म्हटलं, मग हे आकडेही छापा, लोकांना कळू दे. त्या म्हणाल्या, छापून ते कोण वाचणार? पोरी कशा निवडायच्या हे दलालांना आधीच ठाऊक आहे. मग आम्ही सोएला जाऊन पोलिसांकडे सतरा नावं दिली. त्यांनी लिहून घेतली. घरच्यांनी संमतीच्या कागदावर अंगठे दिले आहेत, असं सांगितलं.

नियतकालिकाकडून दोनदा आठवण आली. तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं की लेखाची फाईल बंद केली आहे.

त्यानंतर इबू दोर्कास पुस्तकाप्रमाणे शिकवू लागल्या. पान बारा झालं की पान तेरा. वर्गात मेतो शब्द नाही. पोरं 'एस' गाळत, त्या लाल शाईनं तो घालत आणि वही परत देत. नवे मुख्याध्यापक त्यांच्यावर खूश होते. सोएच्या बैठकीत शिस्तीची शिक्षिका म्हणून त्यांचं नाव घेतलं गेलं.

एक काम त्या करत, आणि त्याबद्दल कुणाशी बोलत नसत. कुणाची मुलगी जायला निघाली असं कानावर आलं की तिला शाळा सुटल्यावर बोलावून घेत. आठ वाक्यं शिकवत, मेतोवरून, इंग्रजीत आणि मलय भाषेत. माझा पासपोर्ट मला द्या. मला दार उघडून द्या. मी आजारी आहे. मी पंधरा वर्षांची आहे. मुलगी पाठ म्हणून दाखवेपर्यंत तिला सोडत नसत. पाच वर्षांत चाळीसेक मुली झाल्या असतील. मी एकदा विचारलं, यांची नोंद ठेवता का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

आदोल्फिनाची काहीच बातमी नाही. ओर्पा रविवारी चर्चमध्ये भेटते आणि इबूंना विचारते, पत्राचं उत्तर आलं का. त्या आठ वाक्यांपैकी एखादं कधी कुणाच्या कामी आलं का, तेही कळायला मार्ग नाही. चाळिसांतल्या दोघी परत आल्या. एक कुपांगच्या विमानतळावर पेटीतून. दुसरी चालत आली, पण ती आता कुठल्याच भाषेत बोलत नाही.